‘माहिती फार मोठी आहे’ म्हणून नकार?

मा. संपादक,

आमच्या डिचोलीकडच्या गावात डोंगर कापायला घेतला म्हणून एका शेजाऱ्याने आरटीआय टाकला, तालुक्यातल्या सगळ्या झोन बदलाच्या (म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याच्या) फायली द्या म्हणून. महिन्याने दोन ओळींचं उत्तर, ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ संपलं!

आता खरं सांगायचं तर मागणी जरा अतीच होती, सर्व्हे नंबर नाही, साल नाही, बिचारा क्लार्क कपाटं किती उपसणार. 2011 साली सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की सरसकट काहीही मागत सुटू नका. पण 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम 7(9) जे हे लोक पुढे करतात ते माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याबद्दल आहे, झेरॉक्स जमत नसेल तर फायली बघायला बोलवा ना, तपासणीचा हक्क त्याच कायद्यात आहे, आणि नकाराची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत, तिथे ‘फार मोठी’ असं कुठेच नाही.

गोव्याने तर 1997 लाच स्वतःचा माहिती कायदा केलेला, देशाच्या आधी! शेजाऱ्याला सांगितलंय, तीस दिवसांत पहिलं अपील घाल आणि सोबत सर्व्हे नंबर देऊन नवा अर्जही टाक.

– एक वाचक, डिचोली