एटीएममधला कुठला कॅमेरा बँकेचा, हे आम्हाला कोण सांगणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एटीएममध्ये शिरलं की समोर पाटी दिसते, आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात. असायलाच पाहिजे. पण त्या खोलीत आणि त्या मशीनवर बँकेचे कॅमेरे किती आणि ते कुठे बसवलेत, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग एखादा जास्तीचा कॅमेरा कोणी बसवून गेला तर तो आमच्यासारख्याने ओळखायचा कसा, हाच माझा प्रश्न आहे आणि तो सगळ्याच बँकांना आहे.

हे पत्र लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात भांडुपला स्टेशनजवळच्या एका एटीएममध्ये गेलो होतो. किपॅडच्या वरच्या बाजूला, स्क्रीनच्या खालच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली दिसली. रंग मशीनसारखाच करडा पण थोडा फिका, एका टोकाला डबल टेप बाहेर आलेली आणि मधोमध एक बारीक भोक, बरोबर आकड्यांच्या दिशेने. वॉचमन नव्हता. मशीनवरचा हेल्पलाईनचा स्टिकर अर्धा फाटलेला. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन लावला तर आधी भाषा निवडा, मग कार्डाचे आकडे टाका, कार्ड हरवलं असेल तर हे दाबा, बॅलन्स हवा असेल तर ते दाबा, पण मशीनवर काहीतरी संशयास्पद लावलंय हे सांगायला कुठलंच बटण नाही. शेवटी एकदाचा माणूस लाईनवर आला, त्याने विचारलं तुमचे पैसे गेलेत का, मी म्हटलं नाही, तर म्हणाला मग तक्रार घेता येणार नाही. मागे रांग लागलेली, पगाराचे दिवस, मी सगळ्यांना ती पट्टी दाखवली, एक ताई लगेच निघून गेल्या, बाकीच्यांना घाई होती त्यांनी पैसे काढले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पट्टी गायब. ती बँकेने काढली की ज्याने लावली त्यानेच नेली, हे शाखेत कोणालाच सांगता आलं नाही. मशीन एजन्सीकडे आहे म्हणाले आणि हात झटकले.

आता ती पट्टी म्हणजे कॅमेराच होता असा माझा दावा नाही. पण बँकेने विचारल्यावर तरी सांगायला पाहिजे होतं ना की ती त्यांची होती की नाही?

एटीएमवर कार्डाची नक्कल करून पैसे काढायच्या चोरीत, म्हणजे स्किमिंगमध्ये, दोन गोष्टी लागतात. कार्ड घालायच्या फटीवर एक खोटं तोंड बसवतात, ते कार्डाच्या काळ्या पट्टीवरची माहिती वाचून घेतं, पण तेवढ्याने एटीएममधून पैसे निघत नाहीत, पिन लागतोच, आणि पिनसाठी कॅमेरा. तो स्क्रीनच्या वर, कडेला, माहितीपत्रकं ठेवायच्या खोक्यात, कुठेही लपवता येतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमला असंच झालं, एटीएमच्या खोलीत धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारखी दिसणारी वस्तू लावली होती आणि आत कॅमेरा होता. लोकांनी कार्ड वापरलं केरळात आणि पैसे निघाले आपल्या मुंबईतून, संशयित परदेशी माणूससुद्धा मुंबईतच पकडला गेला. म्हणजे हे कुठलं तरी लांबचं प्रकरण नाही.

कोणी म्हणेल आता सगळ्यांची कार्डं चिपची झाली, आता कसली भीती. चिपमुळे फरक पडला हे खरंच आहे, चिपची नक्कल करणं काळ्या पट्टीइतकं सोपं नाही. पण काळी पट्टी अजूनही बऱ्याच कार्डांच्या मागे आहे, आणि मुख्य म्हणजे कार्डच हातातून गेलं तर चिप काय करणार? थांबा काका, मी काढून देतो म्हणत कार्ड हातात घ्यायचं आणि परत देताना तसंच दिसणारं दुसरंच कार्ड द्यायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो. अशा वेळी पिन त्या माणसाला माहीत नसेल तर कार्ड नेऊनही त्याला एटीएममधून पैसे काढता येत नाहीत. म्हणून पिन झाकणं आजही तितकंच महत्त्वाचं.

आणि झाकायचं म्हणजे नीट झाकायचं, नुसता हात वर धरल्यासारखं करायचं नाही. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाताने झाकून पिन टाकणाऱ्यांचे व्हिडिओ कॉम्प्युटरला शिकवले, तर तीन प्रयत्नांत चार आकडी पिन ४१ टक्के वेळा बरोबर ओळखला गेला, निव्वळ हाताच्या हालचालीवरून. त्यामुळे दुसऱ्या हाताचा पंजा किंवा पाकीट किपॅडच्या अगदी जवळ आणून वरून आणि समोरून दोन्हीकडून आड करा, आणि बाकीची बोटं दुसऱ्या आकड्यांवर टेकवून ठेवा म्हणजे कुठलं बोट दाबलं ते कळत नाही. माझी आई असं करायला लाजायची, मागच्याला वाटेल आपण त्याच्यावर संशय घेतो. मी तिला सांगितलं की संशय माणसावर नाही, भोकावर आहे. आता ती पदर आड धरते.

पण सगळी जबाबदारी ग्राहकाच्या पंजावर टाकून बँकांना मोकळं होता येणार नाही. पैसे गेले की पहिलं उत्तर ठरलेलं, पिन बरोबर टाकला गेलाय म्हणजे तुम्हीच कोणाला तरी सांगितला असणार. अहो, कॅमेऱ्याने चोरलेला पिन बरोबरच असणार ना! रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं काम बँकेवर टाकलेलं आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच केलंय, आणि बँकेकडून त्या व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असंही त्यात आहे. शाखेत कोणी हे आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहितोय.

देशातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईतच सुरू झालं, मग ही सुरुवातही मुंबईतूनच होऊ दे. प्रत्येक मशीनच्या शेजारी त्याच मशीनचा मोठा रंगीत फोटो लावा, कार्डाची फट अशी दिसते, किपॅड असा दिसतो, आमचे कॅमेरे इथे आणि इथे आहेत, याशिवाय काही दिसलं तर पैसे काढू नका, या नंबरवर कळवा. मराठीत, ठळक अक्षरात. काय खर्च येणार आहे याला? कॅमेऱ्यांची जागा सांगितली तर चोर ते टाळतील म्हणतात, पण चोर तर आधी येऊन सगळं बघूनच जातो, अंधारात आहे तो फक्त ग्राहक. आणि तो नंबर असा हवा की पैसे गेलेले नसले तरी तक्रार घेतली जाईल आणि कोणीतरी येऊन मशीन बंद करेल. स्किमिंग रोखणारी यंत्रणा मार्च २०१९ पर्यंत बसवा असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलं होतं, ती या मशीनवर आहे की नाही हेही त्याच फोटोखाली लिहा.

ज्यांच्या खात्यातून पैसे गेलेत त्यांनी आधी कार्ड ब्लॉक करावं, मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करावा, आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन त्या एटीएमचं त्या वेळेचं फुटेज राखून ठेवा अशी मागणी करावी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय काऊंटरवरून हलू नये.

आपला,
एक नियमित वाचक, भांडुप (पश्चिम)