लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांची जोखीम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सतराव्या शतकातील इंग्लिश पुस्तकविक्रेता बहुधा लेखकाला नाडणारा व्यापारी म्हणूनच रंगवला जातो आणि त्यासाठी 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्याबद्दल कवी जॉन मिल्टनला १६६७ साली मिळालेल्या पाच पौंडांचा दाखला हटकून दिला जातो. मुद्रक सॅम्युएल सिमन्सने पहिल्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पाच पौंड देण्याचे त्याच करारात कबूल केले होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

या धंद्यात भांडवल अडकत असे ते विक्रेत्याचे. हस्तलिखित विकत घ्यायचे, स्टेशनर्स कंपनीच्या (लंडनच्या मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या संघाच्या) नोंदवहीत हक्क नोंदवायचा, कागदाचा भारी खर्च आगाऊ सोसायचा आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहायची. पुस्तके बरेचदा बांधणीविना, सुट्या फर्म्यांच्या (छापील तावांच्या) रूपातच विकली जात. जाहिरातीसाठी शीर्षकपृष्ठे खांबांवर डकवली जात (कल्पक युक्ती, आणि स्वस्तही).

लंडनमधील १६६६ च्या मोठ्या आगीत सेंट पॉल कॅथेड्रलच्या आवारातील विक्रेत्यांनी आपला माल कॅथेड्रलखालच्या सेंट फेथ चर्चमध्ये, दगडी भिंतींच्या भरवशावर हलवला. तो तिथेच जळून खाक झाला. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सचा पुस्तकविक्रेता जोशुआ कर्टन सात-आठ हजार पौंडांचा धनी होता, तो दोन-तीन हजारांचा देणेकरी झाला. पुढच्याच वर्षी तो वारला, तेव्हा आगीतील नुकसानीच्या दुःखानेच गेला असावा, अशी नोंद पीप्सने रोजनिशीत केली.

आपला,
एक वाचक