आधी मैदानावर शिका

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यातील ट्राउट माशांवरचा लेख वाचला. नदी, देवदार, होमस्टे, सगळं छान उतरलं आहे. पण ‘फ्लाय फिशिंग कुणालाही तासाभरात जमतं’ असं छापलंत, तर हौशी मंडळी महागडा रॉड, म्हणजे गळाची काठी, घेऊन तिकडे धावतील आणि दोरीच्या टोकाची फ्लाय मागच्या झुडपात अडकवून बसतील. मार्चमध्ये तिथे गेले की हे दृश्य ठरलेलंच.

आपल्याकडच्या गळाला शिसं बांधतात, त्याच्या भाराने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. फ्लाय म्हणजे बारीक गळावर पीस आणि धागा गुंडाळून केलेला किडा. त्याला भार असा नसतोच. भार असतो जाड दोरीत आणि फेकायची असते ती दोरी. रॉड जोर वाढवत मागे न्यायचा आणि खांद्यामागे फार कलू न देता एकदम थांबवायचा. मागे दोरी सरळ झाली की मगच पुढे. नवशिक्यांना नेमकी ही उसंत धरवत नाही. घाई केली की चाबकासारखा फट्ट आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. खुशाल मान वळवून मागे बघा, त्यात कमीपणा नाही. मनगट मात्र सैल सोडू नका. (दंडाच्या जोरावर विसंबणारे पुरुष इथे हमखास फसतात, हे आपलं जाता जाता.)

एवढं शिकायला हिमाचल कशाला हवा? गवताचं मैदान पुरे. नऊ फुटी रॉड, त्याला पाच नंबरची (नंबर दोरीच्या भाराचा) दोरी, पुढे नायलॉनचा लीडर, म्हणजे बारीक धागा, आणि टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा. 25-30 फुटांवर जुनं ताट ठेवा आणि गोंडा त्यात अलगद उतरवा. सिमेंटवर नको, दोरी खरवडते. ट्राउट बऱ्याचदा एवढ्याच अंतरावर, दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून असतो. म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने जायचं.

आणखी एक. परवान्याचा लेखात उल्लेखच नाही. तो मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. शिवाय चौकटीत ‘नाताळच्या सुट्टीत जा’ असं सुचवलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट पकडायला बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे