कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या सरबतवाल्या मामांना, आज्जीच्या वतीने

मामा, नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही, कळसूबाईला सुट्टीच्या दिवशी एवढी गर्दी असते की तुम्ही कोणाकोणाचे चेहरे लक्षात ठेवणार. पण आज्जी आठवत असेल. 2022 ची दिवाळी, भाऊबीज नुकतीच झालेली, हिरवं नऊवारी, पायात स्लिपर आणि खांद्याला बाजाराची नायलॉनची पिशवी, त्यात चकल्यांचा डबा. तुमच्या ताडपत्रीखाली बसून तिने पहिला प्रश्न विचारला होता की लिंबं काय भावाने आणता.

तुमचा नंबर घेतला होता पण तो मोबाईल पाण्यात गेला आणि नंबरही गेला. म्हणून इथे लिहितेय. बारीचं कोणी वाचत असेल तर डोंगरावरच्या लोखंडी शिडीच्या अलीकडे सरबत-काकडी विकणाऱ्या मामांना प्लीज वाचून दाखवा.

आज्जी गेली मामा. यंदाच्या उन्हाळ्यात. शेवटच्या आठवड्यात दोनदा तुमचं नाव काढलं, नाव म्हणजे "तो शिडीवाला भाऊ", तेव्हाच ठरवलं होतं की तुम्हाला कळवायचं, मग दिवस-कार्य, मग कागदपत्रं, राहूनच गेलं.

आज्जी कशी होती ते तुम्हाला एका दिवसात थोडं कळलंच असेल, बाकीचं मी सांगते. स्वातंत्र्याच्या वर्षातला जन्म, सासर सिन्नर तालुक्यात, म्हणजे पाण्याची बोंब ठरलेली. 72 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर तिने खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, माझा बाप तेव्हा झोळीत. तरी तिच्या तोंडून दुष्काळाची गोष्ट ऐकली की रडगाणं वाटायचं नाही, मुकादमाच्या टोपीत विंचू कसा सापडला आणि तो कसा नाचला इथेच गोष्ट संपायची. आम्हा सगळ्या नातवंडांना विहिरीत पोहायला तिनेच शिकवलं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून वरून ढकलून द्यायची आणि मग स्वतः कासोटा खोचून मागून उडी. बावन्नाव्या वर्षी लूना शिकली, पहिल्याच दिवशी गोठ्यात घुसवली, म्हैस दोन दिवस दूध देईना. आजोबा बोलले, तर म्हणे म्हशीला सवय नाही, होईल.

आणि मग ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांपुढच्यांना एसटी फुकट झाली. नेमकं त्याच वर्षी हिला पंचाहत्तर पूर्ण! आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला, आणि आज्जी गायब. वणी झालं, त्र्यंबक झालं, एकदा तर संध्याकाळी फोन आला की मी कोल्हापुरात आहे, जेवायला थांबू नका. घरात नुसता गोंधळ. बाबा ओरडायचे, आत्या रडायची, आज्जी शून्य रुपयाचं तिकीट देवापुढे ठेवायची.

कळसूबाई तिला नगरकडच्या अकोल्याच्या एसटीच्या खिडकीतून दिसली. शेजारच्या बाईने सांगितलं हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर, 1646 मीटर. आज्जीने घरी येऊन मला विचारलं फुटात किती, मी म्हटलं पाच हजार चारशे, ती म्हणाली बरं. त्या "बरं" चा अर्थ मला कळायला हवा होता. घोटीपर्यंत एसटी आणि पुढे जीप असं करून आम्ही दोघी तुमच्या गावात उतरलो ते बाबांना न सांगता. मी आपली बरोबर होते ती तिला अर्ध्यातून परत आणायला, हे आज खरं सांगून टाकते.

शिडीपाशी मला तो चान्स मिळाला. तिचे गुडघे थरथरत होते, मागे लाईन लागलेली, कोणीतरी पोरगा बोलला की म्हाताऱ्या माणसांना कशाला आणतात, आणि मी तिचा दंड घट्ट धरून चल आज्जी बास झालं, देवी इथूनच पावते वगैरे सुरू केलं. तुम्ही दुकान पोराकडे सोपवून आलात. मला म्हणालात, "ताई, हात सोडा आधी. तुमच्या ओढण्यानेच तोल जाईल त्यांचा."

मला राग आला होता मामा. खूप.

मग तुम्ही आज्जीला स्लिपर काढायला लावल्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचायला सांगितली, मागच्या लाईनला दम दिला आणि स्वतः तिच्या दोन पायऱ्या खाली उभे राहिलात. हात लावला नाही. फक्त "आता डावा, आता उजवा, थांबा, दम खा" एवढंच. ती मधोमध थांबली तेव्हा माझा जीव गेला होता, आणि तिने तिथून खाली वाकून तुम्हाला विचारलं काय, तर शिडी कोणत्या साली बसवली! तुम्ही म्हणालात वर चला, वर गेल्यावर सांगतो.

वर गेल्यावर तुम्ही शिडीचं साल सांगितलंच नाही, काळसूची गोष्ट सांगितलीत. कोळ्याची पोर, डोंगराजवळच्याच इंदोर गावच्या पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. बाकी सगळं काम मन लावून करायची. एक दिवस पाटलाकडे पाहुणे आले, तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला, आणि ती जी निघाली ती थेट डोंगराच्या टोकावर, परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. आज्जी एवढी हसली की तिला ठसका लागला. साठ वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला अशी देवी कोणी दाखवलीच नव्हती हो. "बरं केलं पोरीने," म्हणाली, आणि मग त्या इवल्याशा देवळात जाऊन बराच वेळ आत बसून राहिली, बाहेर लोक ताटकळले तरी उठेना.

तुम्ही बोट दाखवून अलंग, मदन, कुलंग, रतनगड हे किल्ले सांगत होतात, भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. आज्जीने तुम्हाला पन्नासाची नोट दिली, तुम्ही घेतली नाही, चकल्या घेतल्या. पूर्ण डबा रिकामा झाला.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं, बाबा चार दिवस बोलले नाहीत. पण आज्जीने त्या दिवसापासून रात्रीची भांडी घासणं बंद केलं. कोणी विचारलं की "मी काळसू." आईने आधी तोंड वाकडं केलं आणि मग महिन्याभरात तिनेही बंद केलं, आता आमच्याकडे रात्रीची भांडी बाबा घासतात, तुम्हाला सांगते, पातेलं बुडाशी नेहमी काळंच राहतं.

शेवटचे तीन महिने वाईट गेले. पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मग आम्ही सगळे तेच करत बसलो जे मी शिडीपाशी करत होते. उठू नको, वळू नको, हात सोडू नको. दवाखान्यात पलंगाला दोन्ही बाजूंनी दांडे लावलेले. एका रात्री मी सोबतीला होते, ती दांड्याला धरून बसायला बघत होती, मी धावले, आणि ती म्हणाली, "मागं उभी राहा. त्या भाऊसारखी."

राहिले मामा. हात न लावता. डावा, उजवा, दम खा, एवढंच बोलले. पाय पलंगाखाली सोडून ती दहा मिनिटं बसली, माझ्याकडून पाणी मागून प्याली, समोरच्या पेशंटच्या मुलीला काळसूची गोष्ट सांगितली, तीही निम्मीच, मग दमली.

ती दहा मिनिटं तुमच्यामुळे मिळाली. हे थँक्यू त्याच्यासाठी आहे.

तुम्ही उतरताना तिला करवंदीच्या जाळीशेजारची काठी तोडून दिली होती ना, ती अजून दाराच्या मागे आहे. पोरं चिंचा पाडायला नेतात, मी ओरडते, मग परत नेतात. पावसाळा संपला की आम्ही येतोय, यावेळी बाबाही, त्यांना उंचीची भीती वाटते हे कोणाला सांगू नका. चकल्या आणतेय. सरबत मात्र माझ्याकडून पैसे घेऊनच द्यायचं, आणि बाबांच्या ग्लासात साखर नको, शुगर आहे.

तुमची,
ती राग आलेली नात