बुरख्यातील पिना आणि विमानतळावरची तपासणी

मा. संपादक,

सांगली-मिरजेतून उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघालेल्या बायका मुंबई विमानतळावर अडकतात त्या बुरख्यामुळे नव्हे, पिनांमुळे. डोक्यावरच्या हिजाबला आठ-दहा टाचण्या, आतल्या टोपीला क्लिप, अबायाला (अंगभर सैल झग्याला) धातूची बटणं. धातू शोधणाऱ्या दारातून जाताच यंत्र वाजतं आणि मग हाताने चाचपणी होते. प्रवासापुरता डोक्यावरून सरळ घालायचा शिवलेला हिजाब बरा, त्याला पिन लागतच नाही.

बायकांची झडती पडद्याआडच्या कक्षात सीआयएसएफची (विमानतळाच्या सुरक्षा दलाची) महिला जवानच घेते. तिथे छोट्या चौथऱ्यावर उभं राहून दोन्ही हात बाजूला पसरायचे. हातातलं यंत्र कानामागे वाजलं तर ती तिथे बोटांनी दाबून बघते. हिजाब सोडायची वेळ आलीच तर “बंद खोलीत, बाईसमोरच” असं शांतपणे सांगावं. तपासणीला नकार देऊ नये, विमान तेवढं निघून जाईल.

चेहऱ्यावरचा नकाब मात्र ओळख पटवताना वर करावाच लागतो, पासपोर्टच्या फोटोशी चेहरा जुळला पाहिजे. प्रवेशद्वारावर आणि इमिग्रेशनला महिला अधिकारी आधीच मागावी, ऐनवेळी वाद नको. पासपोर्टच्या फोटोतही डोकं झाकलेलं चालतं, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसला की झालं.

अत्तराची कुपी हातातल्या पिशवीत १०० मिलीपर्यंतच. सुईदोरा, कात्री मोठ्या बॅगेत. पॉवर बँक उलट, हातातच.

– उमराह प्रवाशांची तयारी करून घेणाऱ्या काहीजणी, मिरज