चोराचं गाव छापता, मजुराचं काहून नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

चोरी-घरफोडीची बातमी असली की आरोपी कुठला हे तुमच्या हेडिंगातच असतं, म्हणजे तो बाहेरच्या राज्यातला असेल तर. नागपूरचाच निघाला की नुसतं "अट्टल चोरटा गजाआड". आणि छत्तीसगडचा मजूर बांधकामावरून पडून मेला तर आतल्या पानावर चार ओळी, तिथं त्याचं राज्य गायब.

परिणाम बघायचा तर सकाळी आमच्या मानेवाड्यातल्या कोणत्याही चहाटपरीवर उभे राहा. पेपर एक, वाचणारे सात-आठ, अन् वाचतात फक्त हेडिंग. "बाहेरच्यांनी शहर खराब केलं भाऊ", हे लगेच सुरू. परवा असं म्हणणाऱ्या काकांकडेच मध्य प्रदेशातल्या बालाघाटची पोरं टाईल्स बसवत होती, आदल्या दिवशीपर्यंत त्यांना घरातून चहा जायचा, त्या दिवशी काकांनी आधार कार्डं मागितली आणि प्यायला पाणी अंगणातल्या नळाचं दाखवलं. पोरांनी काही केलं नव्हतं, मधे फक्त पेपर येऊन गेला. (बालाघाट १९५६ पर्यंत आपल्याच राज्यात होतं अन् राजधानी नागपूर होती, हे काकांना सांगून उपयोग नाही.)

तुम्ही मनावर घेतलं तर उलटंही होतं. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले, रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पायी निघालेल्यांच्या बातम्या रोज येत होत्या, आणि तेव्हा हेच नागपूरकर पांजरी टोलनाक्यावर जेवणाची पाकिटं घेऊन उभे होते. कोण कुठला हे कोणी विचारलं नाही.

आता "बांगलादेशी पकडले"च्या बातम्या येतात, त्यात "संशयित" हा शब्द असलाच तर खाली बारीक अक्षरात. जून २०२५ मध्ये मुंबईतून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपार पाठवलं, मग ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावं लागलं. पकडल्याची बातमी टपरीवर सगळ्यांना पाठ असते, सुटल्याची एकालाही माहीत नसते.

घुसखोरीची बातमी देऊच नका असं म्हणत नाही, जरूर द्या. पण बातमीत विनाकारण जात लिहू नये असं प्रेस कौन्सिल सांगते, तोच नियम राज्यालाही लावा, आणि पकडल्याची बातमी पहिल्या पानावर असेल तर सुटल्याचीही तिथंच येऊ द्या.

एक वाचक, मानेवाडा, नागपूर