हजेरीतलं नाव

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या घालून मोकळा हो. शुगर आहे तिथंच आहे, आईचे गुडघे कुरकुरतायत. आता खरं ऐक.

परवा ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला गेलतो. बायकोच्या हातात निवदाचं ताट, माझ्या हातात चपला. जोगत्यांच्या ओळीत डोक्यावर देवीचा जग घेतलेली एक बाई माझ्याकडं बघतच राहिली. ओळखलंस ना कोण? आपल्या मागच्या बाकावरची. आणि मी गाढवानं भर गर्दीत हजेरीतल्या जुन्या नावानं हाक मारली!

हे केलं कुणी, तर वर्षभर तृतीयपंथीयांचंच लिखाण वाचणाऱ्यानं. लक्ष्मी त्रिपाठींचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' दोनदा. दिशा पिंकी शेख यांच्या कविता. ए. रेवतींचं आत्मचरित्र इंग्रजीत, शेजारी डिक्शनरी ठेवून (हसू नको, तुझं इंग्रजी माहिताय). रविवारच्या मंडळीत तावातावानं बोललोय, २०१४ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की आपण बाई, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, मग २०१९ च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्याचा दाखला कशाला? माना डोलल्या. पण या पुस्तकांना मी पेपरचं कव्हर घालतो, हे तिथं नाही सांगितलं. एसटीत शेजारचा नाव वाचेल म्हणून. शाळेत भूगोलाला घालायचो तसलंच, कोपरे दुमडून.

ती चिडली नाही. कपाळाला भंडारा लावला नि म्हणाली, "बरा हायस? तुझा त्यो जाड्या कुठं असतोय?" बायकोनं विचारलं, "कोण ओ?" "वर्गातली," म्हणालो. एवढं म्हणायलाही घसा खाकरावा लागला, लगा.

दहावीला तू आठ महिने माझ्याशी बोलला नव्हतास. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, बॅटीवरनं भांडण झालं. (बॅट माझीच होती, ते वेगळं.) फळ्यावर तिला ठेवलेलं नाव मी लिहिलं होतं, आणि सर यायच्या आत शर्टाच्या बाहीनं पुसलंस तू. तिला आठवत असणार. नाहीतर जाड्याची चौकशी कशाला?

पोरीची पुण्यातली ॲडमिशन झाली ना? वहिनींना नमस्कार. गुळाची ढेप पाठवतोय, एकटा खाऊ नको.

तिनं तुझा नंबर मागितलाय. माझा नाही मागितला. देऊ का? आणि आता तिचं नाव काय, हे विचारायचं माझ्याकडनं राहिलं. फोन आला की तूच विचार, मला कळव.

तुझा,
बंड्या